शिंप्याचा गप्प फोटो

शिंप्याचं तोंड मशीनपेक्षा जास्त चालायचं. गिऱ्हाइकाची बाही अर्धी राहायची, जगाचा कारभार मात्र पुरा व्हायचा. एकदा हौसेनं तो बायकोसोबत गावातल्या नव्या स्टुडिओत फोटो काढायला गेला. फोटोवाल्यानं मानेमागे लोखंडी चिमटा लावून बजावलं, "हललात, बोललात, तर चेहरा पुसट येईल." चेहऱ्याच्या काळजीनं शिंपी जन्मात पहिल्यांदा गप्प बसला.

फोटो पाहून शेजारी म्हणाले, "काय रुबाब! अगदी न्यायाधीश!"

शिंपी लगेच स्टुडिओनं फोटोसाठी घालायला दिलेल्या कोटाची शिवण कशी भिकार होती ते सांगायला लागला. बायको फोटोवरून नजर न काढता म्हणाली, "मला बाई हेच आवडतात. किती समजूतदार माणूस!"

शिंप्यानं रागानं अबोला धरला. तो जेमतेम जेवणापर्यंत टिकला.