आमच्याकडे सगळे निर्दोषच येतात

आमच्या कामात तोंड बंद ठेवायचे पैसे मिळतात. त्यामुळे घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे किस्से साठत जातात. टाकवत नाहीत आणि कुणाला देताही येत नाहीत! आज थोडे काढतेच. नावं अर्थातच बदलली आहेत. तरीही कुणी स्वतःला ओळखलंच, तर कृपया मला फोन करू नये. फोनवर काही बोलायचं नाही, हे तुम्हाला आम्हीच शिकवलंय.

दोन हजार दहानंतरची काही वर्षं मी सिंगापूरच्या एका छोट्या वकिली फर्ममध्ये होते. मी वकील नाही, अकाउंटंट. बँकवाले, फंडवाले, कंपन्यांचे डायरेक्टर, ज्यांच्यामागे आर्थिक गुन्ह्याची चौकशी लागायची ते आमच्याकडे यायचे. त्यांचे व्यवहार समजून घ्यायचे आणि आमच्या साहेबांना सोप्या भाषेत सांगायचे, हे माझं काम. साहेब म्हणजे मिस्टर टॅन. साठीचे, काटकुळे, शर्टाची इस्त्री कधी न मोडणारे. कोर्टात वाघ, पण बॅलन्स शीट समोर धरली की चष्मा शोधायला उठायचे!

*

मिस्टर टॅनचा एक नियम होता. जेवताना अशिलांची नावं घ्यायची नाहीत. हॉकर सेंटर म्हणजे तिथली छपराखालची खाऊगल्ली, शेजारच्या टेबलावर कोण बसलंय, काय सांगावं? म्हणून त्यांनी प्रत्येकाला एकेका पदार्थाचं नाव दिलं होतं. कुणी चिकन राईस, कुणी लाक्सा, म्हणजे नारळाच्या रश्शातल्या शेवया.

एकदा एक नवे अशील आमच्याबरोबर जेवायला आले. मिस्टर टॅन आपल्या नादात मला म्हणाले, "चिकन राईस ठीक आहे, पण लाक्साचं काही खरं नाही. अधिकाऱ्यांनी नुसतं पाहिलं तरी मऊ पडतो."

अशील हुशार होते. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"सर, आणि मी कोण?"

मिस्टर टॅननी त्यांना नीट न्याहाळलं. "तुम्ही? तुम्ही अजून शिजताय!"

*

रानडे मूळचे पुण्याचे, राहायला सेरंगूनला, नोकरी बँकेत. एका ग्राहकाच्या भानगडीत त्यांना जबाब द्यायला बोलावलं. जबाबाच्या वेळी वकिलाला आत बसू देत नाहीत. त्यामुळे मी आणि मिस्टर टॅन समोरच्या कॉफी शॉपमध्ये बसून राहिलो.

दुपार गेली. रानडे येईनात. मिस्टर टॅन तिसऱ्यांदा कॉफी मागवून म्हणाले, "संपलं. सगळं कबूल केलं वाटतं यानं."

संध्याकाळी रानडे ताठ मानेनं बाहेर आले. आम्ही दोघं धावलो. "काय झालं? काय विचारलं?"

"विचारलं ते ठीकच हो," रानडे म्हणाले. "पण टाईप केलेला जबाब वाचून सही करा म्हणाले. आता वाचायला दिल्यावर मी गप्प बसणार का? कॉमा नाही, काळाचं भान नाही. सगळं दुरुस्त करून दिलं. प्रत्येक दुरुस्तीवर माझी सही आहे!"

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याचा मिस्टर टॅनना फोन आला. आवाज थकलेला. "तुमच्या अशिलांना पुन्हा बोलवायचं होतं. पण माझ्या टीममधलं कुणी तयार नाही."

*

साळवी रत्नागिरीचे. त्यांच्यावर संशय होता लाच घेतल्याचा, आणि पुरावा होता त्यांच्या फोनमधल्या मराठी मेसेजेसचा. भाषांतर करणारा बहुधा हिंदी सिनेमांवर वाढलेला असावा. 'पेटी' म्हणजे एक लाख, असं त्यानं तळटीप देऊन लिहिलं होतं.

आणि मेसेज काय? "पेटी पोचली." "वहिनींना सांगू नकोस, लपवून ठेव." "वरचा थर चांगला, खालचा डागी निघाला." "साहेबांना देशील त्या आधी दाबून बघ."

शेवटचं वाक्य वाचून मिस्टर टॅन पांढरेफटक पडले. "साहेबांना दाबून?"

मी हसू आवरत म्हणाले, "सर, आंबे आहेत हे. हापूस!"

ते अधिकाऱ्यांना पटवायला मात्र फार त्रास पडला. साळवींची नोकरी टांगणीला, बायको रडून रडून अर्धी झालेली. शेवटी मेसेज पाठवणाऱ्या मित्राचा जबाब झाला, बागेपासून विमानापर्यंतचे कागद आले, तेव्हा तो मुद्दा निकालात निघाला. साळवी सुटले.

घरी गेल्यावर बायकोनं पहिला प्रश्न विचारला, "मला का सांगायचं नव्हतं?"

साळवींकडून हे ऐकून मिस्टर टॅन म्हणाले, "त्या केसला मी उभा राहणार नाही."

*

माझी मुलगी तेव्हा चोआ चू कांगच्या शाळेत होती. आईबाबा काय करतात ते वर्गात सांगायचं होतं. हिनं उभं राहून, शेवटी खास सिंगापुरी 'लाह' लावून सांगितलं, "माय मदर हेल्प्स बॅड पीपल, लाह!"

मला शाळेत बोलावणं आलं. मी रजा काढून, चांगली साडी नेसून, 'गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच' यावर छोटंसं भाषण तयार करून गेले. टीचरनं ते सगळं शांतपणे ऐकलं. मग उठून दार लावलं.

"तुमचं कार्ड मिळेल का? माझ्या मेहुण्याला..."

*

सबनीस साताऱ्याचे. बुओना व्हिस्टाला एका कंपनीत फायनान्स मॅनेजर होते. मालकामागे चौकशी लागली आणि तीत यांचाही पासपोर्ट जमा झाला. केस होईल की नाही, कुणी सांगेना. माणूस झुरत चालला. पण त्यांना सगळ्यात मोठी धास्ती कोर्टाची नव्हती, आईची होती. वडील गेल्यापासून त्या साताऱ्यात एकट्याच. ऐकून हाय खातील, म्हणून त्यांना काही सांगायचं नाही असं ठरलं.

मग कारणं सुरू झाली. पुतणीचं लग्न आलं. सबनीस फोनवर म्हणाले, "ऑडिट आहे." आई म्हणाल्या, "बरं." दिवाळीला "बॉसचं ऑपरेशन." आई, "बरं हो." वडिलांच्या वर्षश्राद्धाला तर कारण सुचेना, तेव्हा मिस्टर टॅनसुद्धा विचार करायला बसले. एरवी 'खोटं एक अक्षर बोलू नका' म्हणून टेबल बडवणारा माणूस! म्हणाले, "पाठ धरली आहे म्हणा. विमानात बसवत नाही." आई म्हणाल्या, "शेकत जा."

कधी उलटा प्रश्न नाही, की रुसवा नाही. मिस्टर टॅन खूश. "अशी साक्षीदार मला एकदा तरी मिळायला हवी होती."

शेवटी सबनीसांवर काहीच निघालं नाही. पासपोर्ट परत मिळाला. ते आमच्या ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. आणि मिळेल त्या विमानानं निघाले.

साताऱ्याला पोचले. आईनं दारातच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. आणि आत वळता वळता विचारलं,

"पासपोर्ट दिला का रे त्यांनी?"