वनमालाताईंनी ऐकलेल्या एकशे बारा मुलाखती

वनमाला परब आमच्या अंधेरीच्या ऑफिसात आल्या तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या. मुलुंडच्या एका वकिलांकडे त्यांनी सव्वीस वर्षं साक्षीदारांच्या जबान्या टाइप केल्या होत्या. वकीलसाहेब थकले, ऑफिस बंद झालं. वनमालाताईंचे वडील गिरणीत होते, गाव कुडाळजवळ, राहायला कांजूरमार्गला. मला मालवणी कळणारं आणि मराठी भराभर टाइप करणारं माणूस हवं होतं. पाच मिनिटांत मी त्यांना कामावर घेतलं.

काम असं होतं. एका आंतरराष्ट्रीय पीक संशोधन केंद्राची दर पाच वर्षांनी बाहेरची समिती तपासणी करते. कार्यक्रमांचा उपयोग होतोय का, कारभार नीट चाललाय का, सगळं. त्या वर्षी सिंधुदुर्गातल्या नाचणीच्या नव्या वाणाची पाळी होती. आमच्या टीमने गावोगाव फिरून शेती करणाऱ्या एकशे बारा बायकांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या होत्या. वनमालाताईंनी त्या उतरवायच्या, मी इंग्रजीत सारांश करून समितीला द्यायचा. केंद्राचं म्हणणं होतं, शंभरातल्या चौऱ्याऐंशी घरांनी वाण स्वीकारलंय.

"प्रश्न संपले की थांबायचं हं ताई," मी पहिल्याच दिवशी सांगितलं. "पुढे नुसत्या चहापाण्याच्या गप्पा असतात."

"साक्षीदार बोलला तेवढं सगळं उतरवायची सवय आहे गं मला."

"वेळ नाहीये पण."

त्या बरं म्हणाल्या आणि केलं आपल्याच मनाचं. पाचव्या आठवड्यात माझ्या टेबलापाशी आल्या, स्वतःचा हेडफोन माझ्या कानावर चढवला. "ऐक."

आमच्या टीममधला मुलगा विचारत होता, "नवीन वाण घेतलंत का?" बाई म्हणाली, "घेतलंय." प्रश्न संपले, पण रेकॉर्डर नेहमीसारखा चालूच राहिला होता. कपबशा वाजल्या आणि तीच बाई हसत म्हणाली, "घेतलंय रे, डब्यात आसा. औंदा पेरूक नाय. पयल्या वर्सा पेरलंय, झोडून झोडून हात गेले. नि भाकरी थापूक गेलंय तर फुटता."

फॉर्मवर तिच्या नावापुढे लिहिलं होतं: स्वीकारलं.

"अशा किती आहेत?" मी विचारलं.

त्यांनी वही उघडली. "चौऱ्याण्णव जणी 'घेतलं' म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी पेरलं तेविसांनी. त्रेपन्न जणींनी सोडून दिलं. अठरा जणी त्याबद्दल काही बोलल्याच नाहीत, त्यांना मी कशातच धरलं नाही."

"वाट लागली. ताई, सोमवारी सारांश पाठवायचाय!"

"मग सोमवारी खरा पाठव."

खोटं कशाला बोलू, तो हेडफोन परत देऊन गप्प बसावं असं मला क्षणभर वाटलं होतं. फॉर्म माझा होता, प्रश्नही माझेच होते. तरी मी सगळं लिहून पाठवलं. समितीच्या अध्यक्ष डॉ. वांजिरू केनियाच्या, त्यांच्याकडेही नाचणी हे रोजचं अन्न. तासाभरात उत्तर आलं: ज्या बाईंनी ऐकलं, त्यांना बैठकीला आणा.

बैठक विमानतळाजवळच्या एका हॉटेलात होती. केंद्राकडून उपसंचालक डॉ. नंदकुमार दाबके आले होते. उभी हयात नाचणीत घालवलेला माणूस. त्यांनी आमचं टिपण वाचलं आणि बाजूला सारलं.

"हे किस्से आहेत. याला पुरावा म्हणत नाहीत."

वनमालाताईंनी लॅपटॉप पुढे ओढला. "साहेब, किस्सा दुसऱ्याचा असतो. या बायका स्वतःचं सांगतायत. ही साक्ष आहे. तुम्हीच कुठलाही नंबर सांगा, मी ती मुलाखत लावते."

"सत्तावन्न."

लागली. बियाणं शिंक्यात, पेरलं नाही. साहेबांनी एकोणीस मागितली. तिथेही तेच. मग ते म्हणाले, "एकशे चार." त्या बाईने मात्र दोन्ही वर्षं पेरलं होतं आणि ती वाणाचं भरभरून कौतुक करत होती. साहेबांनी विजयाने इकडेतिकडे पाहिलं.

"बरोबर," वनमालाताई शांतपणे म्हणाल्या आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. "ही तेविसांमधली. तिचा उतारावरच्या जमिनीचा तुकडा आहे, तिथे हे पीक छान येतं. लिहिलंय मी."

दाबके साहेब ती वही पानापानाने वाचत राहिले. मी वांजिरूबाईंच्या कानात सगळ्याचं भाषांतर करत होते. शेवटी वांजिरूबाईंनी विचारलं, "तुमचा जिल्ह्यातला माणूस हे कळवत नव्हता?"

"ती जागा तीन वर्षं रिकामी आहे," साहेब म्हणाले. "आम्ही बियाण्याची वाटलेली पाकिटं मोजत होतो." मग वनमालाताईंकडे वळून मराठीत म्हणाले, "बाई, या वाणावर माझी नऊ वर्षं गेली. आज पहिल्यांदा कळलं ते कुठे अडलंय. मळणीला आणि परातीत. हे सुधारता येतं."

समितीचा अहवाल आला. पहिली शिफारस: यश पाकिटांवर मोजू नका, तिसऱ्या वर्षी किती घरांत पेरणी होते त्यावर मोजा. दुसरी: जिल्ह्यातली जागा तीन महिन्यांत भरा. तिसरी: वाण बाहेर काढण्याआधी ते बायकांकडून झोडून घ्या, त्याच्या भाकऱ्या करून बघा. केंद्राने तिन्ही मान्य केल्या. मुलाखतींच्या विश्लेषणाखाली एकच नाव छापलं होतं, वनमाला परब. मी ऑफिसात ते पान मोठ्याने वाचलं तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि ताई म्हणत होत्या, "अगो, बसा की सगळी! कामं नाहीत काय?"

कुडाळला सहा वाणांची परीक्षा झाली, चाळीस बायका आणि सहा चुली. त्यांनी दोन वाणं निवडली. त्यांतलं एक दाबके साहेबांनीच सुधारलेलं होतं. यंदा, तिसऱ्या वर्षी, मोजलेल्या ऐंशी घरांपैकी एकाहत्तर घरांनी ते स्वतःच्या बियाण्यातून पेरलं. ही बातमी साहेबांनी मला नाही, थेट वनमालाताईंना फोन करून दिली.

मागच्या महिन्यात डॉ. वांजिरूंचं पत्र आलं. पूर्व आफ्रिकेतल्या एका केंद्राची तपासणी आहे, वनमाला परब यांनी समितीच्या सदस्य म्हणून यावं. सोबत दुभाषी म्हणून मी. ताईंनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "तिथे थंडी असते काय गं?"

पासपोर्ट मंगळवारी आला. चंद्रप्रकाशकाकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, बिल्डिंगच्या चारही मजल्यांवर पेढे वाटले आणि बायको परदेशी तपासणीला चाललीय हे वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. येत्या अकरा तारखेला आमचं विमान आहे.