विंचू उतरवणारी सून

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण त्यातला निवडक, जपून ठेवावा असा एकच. लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आले आणि थोड्याच दिवसांत, कुणी विचारलेलं नसताना, मी सांगून टाकलं की मला विंचू उतरवता येतो.

येत नव्हता. येत असे माझ्या आजोबांना. कोकणात आमच्या ओटीवर विंचू चावलेली माणसं विव्हळत यायची, आजोबा हातातलं काम टाकून उठायचे, आंब्याच्या डहाळीने दंडापासून बोटापर्यंत हलकेच झाडत काहीतरी पुटपुटायचे. या विद्येचे नियम कडक. बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही, मंत्र कुणाला सांगायचा नाही आणि पडवळ खायचं नाही. त्यांच्याजवळ बसून मी काय शिकले असेन, तर पुटपुटताना चेहरा कसा करायचा ते. मंत्राचा एक शब्द माझ्या कानावर आला नव्हता. तरी माहेरून येताना मी ती विद्या आपली समजून बरोबर घेऊन आले.

आता ती बाहेर काढायचं कारण म्हणजे ढेकूण. ज्यांनी चाळ पाहिली नाही त्यांना सांगते, चाळीत प्रत्येक बिऱ्हाडात ढेकूण असत आणि प्रत्येक बिऱ्हाडाचे ढेकूण शेजारून आलेले असत. स्वतःचा ढेकूण कुणालाच नव्हता. रविवारी सगळ्यांच्या खाटा गॅलरीत उभ्या राहायच्या, सांध्यांतून उकळतं पाणी सोडलं जायचं, आणि बायका एकमेकींच्या खाटांकडे अशा बघायच्या की जणू वाहून जाणारे ते पाहुणे कुठल्या घरचे हे चेहऱ्यावरून ओळखता येईल. मी नवी नवरी. गादीवर पाठ टेकली की उठून खाजवत बसायची. सासूबाईंनी ते चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "का गं, तुमच्या कोकणात चावायला काही नसतं वाटतं? नुसती फुलपाखरंच?"

मी म्हटलं, "आमच्याकडे विंचू असतात, आई. तांबडे. ढेकणाला आमच्याकडे कुणी चावणारा म्हणत नाही."

एवढ्यावर थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण शेजारच्या काकूंनी डोळे मोठे केले, आणि त्या मोठ्या डोळ्यांत मला माझी मूर्ती फार सुंदर दिसली. मी पुढे म्हटलं, "मला उतरवता येतो. आजोबांनी मंत्र दिलाय."

संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांना कळलं. माझं वजन एकदम वाढलं. नळावर मला बादली लावायला जागा मिळू लागली. कुणाला गांधीलमाशी चावली, कुणाच्या पोराच्या पायाला लाल मुंग्या डसल्या, की माझ्याकडे घेऊन यायचे, आणि मी गंभीरपणे म्हणायची, "माझं फक्त विंचवाचं आहे." मोठमोठे डॉक्टर असंच म्हणतात. गिरगावात विंचू निघण्याची शक्यता जवळजवळ नाही याचा हिशेब मी मनातल्या मनात केलेला होता, त्यामुळे विद्या सुरक्षित होती.

विद्येचे फायदेही मी सोडले नाहीत. पडवळ मला लहानपणापासून आवडत नाही. पहिल्यांदा पानात वाढलं गेलं तेव्हा मी हात जोडले आणि म्हटलं, "आई, मंत्र असणाऱ्याला चालत नाही." सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पान उचललं आणि पिठलं केलं. तेवढ्यावर भागलं तर ती मी कसली. पुढच्या अमावास्येला मी सांगितलं की आज मला भांडीही चालत नाहीत. त्या दिवशी सासूबाईंनी जरा जास्त वेळ पाहिलं. पण भांडी त्यांनी घासली. आपल्या बुद्धीवर मी इतकी खूष झाले की रात्री ढेकूण चावले तेही कळलं नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे होते. ऑफिस सुटलं की आमचे हे घरी न येता सभेला जायचे आणि बसलेला घसा घेऊन परत यायचे. सासूबाईंना हे एकटेच. हे लहान असतानाच सासरे गेले होते. मुंबई महाराष्ट्रातच हवी याबद्दल सासूबाईंच्या मनात शंका नव्हती. गॅलरीत उभ्या राहून त्या घोषणांना साथही द्यायच्या. फक्त ती मुंबई दुसऱ्यांच्या मुलांनी मिळवून आणावी असं त्यांचं मत होतं. मोर्चा असला की यांच्या चपला नेमक्या सापडायच्या नाहीत. मला ठाऊक होतं, त्या तांदळाच्या डब्यामागे असायच्या. हे अनवाणी जायचे.

मग शहरात गोळीबार झाला आणि संचारबंदी लागली. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी. आमच्या समोरच्या इमारतीतला एक तरणा मुलगा सिगारेट आणायला म्हणून खाली उतरला होता, तो परत आला नाही. त्यानंतर सासूबाई दाराला पाठ लावूनच बसायच्या. तांदूळ निवडायच्या दाराशी, भाजी चिरायच्या दाराशी.

अशात एका दुपारी, हे घरीच असताना, त्यांना नारळ हवा झाला. संचारबंदी लागायच्या आधी माझ्या माहेरून बोटीने एक गोणपाट आलं होतं. त्यात नारळ, कुळीथ, आमसुलं. आता कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल की गावाकडून आलेलं गोणपाट आधी बाहेर उलटं करून काठीने झोडायचं, मग त्यात हात घालायचा. विंचवावर अख्ख्या चाळीला व्याख्यानं देणाऱ्या मी ते तसंच खाटेखाली सरकवून ठेवलं होतं, कारण त्या दिवशी मी गॅलरीत विंचवांबद्दलच बोलत होते.

सासूबाईंनी हात घातला, आणि काढला तो मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरूनच. ओरडल्या नाहीत. दात आवळून म्हणाल्या, "काहीतरी चावलं."

यांनी गोणपाट पालथं केलं. नारळ गडगडत गेले आणि मागून तो निघाला. बारका, तांबूस, शेपूट वर धरलेला. यांनी पाटा उचलून त्याच्यावर टाकला आणि वळले ते सरळ दाराकडे. "डॉक्टरांना आणतो."

डॉक्टरांचा दवाखाना ट्रामच्या रस्त्यापलीकडे. सकाळपासून त्याच बाजूने गोळ्यांचे आवाज येत होते.

"कुठे निघालास?" सासूबाई म्हणाल्या. "बस तिथे. घरात मंत्र आहे ना."

"आई, मंत्रबिंत्र नंतर. मी हा असा जाऊन येतो."

"मी मंत्रच घेणार. डॉक्टर आणलास तरी हात पुढे करणार नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "ये गं. तुझ्या माहेरचाच आहे. तुझं ऐकेल."

तोवर शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांच्यामागे अख्खी गॅलरी. कुणी चुना आणला, कुणी चिंचोका घासून आणला. काकूंनी सगळ्यांना मागे सारलं आणि म्हणाल्या, "तिला जागा द्या. तिला येतं." दारावरच्या सुकलेल्या तोरणातून कुणीतरी आंब्याची डहाळी ओढून माझ्या हातात दिली.

मी बसले. चेहरा आजोबांसारखा केला. तो मला उत्तम जमायचा. पण ओठ हलवायला काही तरी हवं. देवाचं स्तोत्र म्हणायला जीभ धजेना, त्या वेळीही एवढी लाज शिल्लक होती. मग तोंडातून आपोआप आलं ते औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. शाळेत न येणाऱ्याला छडी मिळायची, म्हणून तो असा हाडात भिनलेला. एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा. दंडापासून बोटापर्यंत डहाळी फिरवत मी औटकी म्हणत होते, आणि गॅलरीतल्या बायका पदर डोक्यावर घेऊन हात जोडून उभ्या होत्या. इतक्या भक्तिभावाने पाढा त्याआधी किंवा नंतर कुणी ऐकला नसेल.

"वाटतंय जरा बरं," सासूबाई म्हणाल्या.

हे दाराशी उभे होते ते परत येऊन बसले. मला वाटलं, सुटलो. काळा असता तर सुटलोही असतो. काळ्याची आग होते, माणूस रात्रभर रडतं आणि सकाळी उठून चहा पितं. आजोबांचे बहुतेक चमत्कार काळ्यांवरचेच असावेत, हे मला आता कळतं.

दुसऱ्यांदा पाढा संपत आला असताना माझ्या हाताला त्यांचा हात गार लागला. कपाळावर घाम आला, नुसता ओला नाही, वाहायला लागला. साडी मानेपाशी भिजली. हे मी पूर्वी पाहिलं होतं. आमच्या वाडीतल्या एका गड्याला तांबड्याने मारलं होतं, तेव्हा आजोबांनी असाच हात धरला होता, आणि मग डहाळी खाली ठेवून म्हणाले होते की याला बैलगाडीत घाला आणि तालुक्याला न्या. त्या एका वेळी त्यांनी मंत्र म्हटला नव्हता. नेमकं तेवढंच मी त्यांच्याकडून शिकायचं विसरले होते.

मी डहाळी थांबवली. म्हटलं, "मला मंत्र येत नाही. हा तांबडा आहे. डॉक्टर पाहिजे, आत्ता."

काकू म्हणाल्या, "अगं, असं मध्ये सोडू नये."

"काकू, मी पाढे म्हणतेय."

हे उठले. सासूबाईंनी चांगल्या हाताने यांचा सदरा धरला, आणि आजारी बाईच्या हातात एवढी ताकद कुठून आली देव जाणे, हे ओढून सोडवत होते तरी सुटेना. त्या दोघांची ओढाताण चालली होती तेवढ्यात मी जिना उतरले. शौर्य वगैरे काही नव्हतं. त्या खोलीतल्या चेहऱ्यांपुढे उभं राहण्यापेक्षा मला बंदुका बऱ्या वाटल्या.

रस्ता इतका रिकामा मी पुन्हा कधी पाहिला नाही. कोपऱ्यावर एका हवालदाराने काठी आडवी धरली. बोलण्यावरून घाटावरचा.

"कुटं निघाला बाई? संचारबंदी हाय."

"सासूला विंचू चावलाय. डॉक्टरांकडे."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. आंब्याची डहाळी माझ्या मुठीत तशीच होती.

"येवढी मोठी चाळ," तो म्हणाला, "आन् मंतर घालनारं कुनीच न्हाई व्हय?"

"आहे एक," मी म्हटलं. "तिला येत नाही."

त्याला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण काठी काखेत मारून तो माझ्यापुढे चालू लागला. डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहायचे. त्यांनी बॅग घेतली, आणि असे आम्ही परत आलो. पुढे पोलीस, मध्ये डॉक्टर, मागे डहाळीवाली मी. चाळीतली पोरं आम्हाला पाहून घोषणा द्यायची विसरली.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाडी धरून बराच वेळ बसले, आणि जाताना यांना म्हणाले की आणखी उशीर केला असता तर मी येऊन उपयोग नव्हता. सकाळपर्यंत सासूबाईंच्या हातात ऊब आली. हे उशाशी बसून रडले. माझ्याशी ते दोन दिवस बोलले नाहीत, आणि चाळ बोलायची थांबली नाही. नळावरची माझी जागा गेली ती गेलीच.

सासूबाई उठून बसायला लागल्यावर एका सकाळी मी त्यांची वेणी घालत होते. हे ऑफिसला गेले होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. पाठमोऱ्या होत्या म्हणून मला धीर आला. म्हटलं, "आई, मंत्र येतो म्हणून मी खोटं बोलले. तुमच्या जिवाशी खेळ झाला."

त्यांनी डोकं वळवलं नाही. म्हणाल्या, "तुला मंत्र येत नाही हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण तो दारापर्यंत गेला होता, आणि मला मुलगा एकच आहे. आणखी थोडा वेळ पुटपुटली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं?"