साडूंची मळणी

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस साऱ्या अंबड तालुक्यात सापडायचा नाही, आणि शनिवार-रविवारी हळदी-लग्नांत तालुक्याला नाचवायचं काम नेमकं याच माणसाकडं होतं. पन्नाशी ओलांडलेला, कपाळाला अष्टगंध लावणारा हा गृहस्थ डीजे आहे, हे पाहुण्यांना सांगून पटायचं नाही. कॉम्प्युटरवर बनवलेली, शब्द ना कडवं अशी नुसती धडधडणारी गाणी त्यांना तोंडपाठ. त्यांची इंग्रजी नावं जिभेवर बसेनात, म्हणून साडूंनी त्यांचं शेतकी बारसं केलेलं. संथ ठेक्याचं, खुर्चीवरच्या माणसाचा नुसता अंगठा हलवणारं गाणं म्हणजे पेरणी. बायकांना मांडवाच्या मधोमध आणणारं ते कोळपणी. आणि ज्यात ठेका एकदम थांबतो, सगळे हात वर करून श्वास धरतात आणि मग बेस असा कोसळतो की घरांवरचे पत्रे वाजतात, ते गाणं म्हणजे मळणी. "खळं तापल्याबिगर मळणी लावायची न्हाई," हा त्यांचा दंडक.

पण धीर म्हणाल तर नावाला नाही. मळणीतला ठेका थांबला की साडू डोळे गच्च मिटून घ्यायचे. एवढ्यात माणसं जेवायला निघून गेली तर? अहो, तेवढ्या वेळात पत्रावळसुद्धा मांडून होत नाही, असं मी कितीदा सांगितलं. उपयोग शून्य. दुसरी भीती म्हाताऱ्यांची. लग्नघरी पोचले की आधी विचारणार, कोणाला छातीचा त्रास आहे का. असला तर स्पीकरचं तोंड शेताकडं. जांब समर्थच्या वाटेवरच्या एका गावात ओट्यावरचे आजोबा मान टाकून बसलेले दिसले, तसं यांनी ऐन रंगात गाणं तोडलं आणि तांब्या घेऊन धावले. आजोबांना नुकती कुठं डुलकी लागली होती. तोंडावर पाणी बसल्यावर ते असे खवळले, की वरात सोडून लोक त्यांनाच आवरत बसले.

या सगळ्याला मी पोट धरून हसायचो. गेल्या हिवाळ्यात हसणं बंद झालं. जालन्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डावा कान गेला, धंदा सोडला नाही तर उजवाही जाईल. परतताना एसटीत साडूंनी माझा हात धरला. "पोरीला कळू देऊ नका. तिच्या लग्नात मीच वाजवणार, मंग बिलकुल सोडतो. आधी कळलं तर ती मला मशीनला हात लावू द्यायची न्हाई."

बायकोला सांगायची चोरी, कारण ती पोरीची सख्खी मावशी. लग्नापर्यंत माझाच जीव टांगणीला लागला. साडूंना कोणी डावीकडून हाक मारली की मीच मोठ्यानं ओ द्यायचो. मी फार आगाऊ झालोय, असं सगळ्यांचं मत पडलं.

लग्न रविवारी दुपारी लागलं. पेरणी झाली, कोळपणी झाली, विहीणबाईसुद्धा नाचल्या. पाठवणीला मात्र साडूंचं अवसान गळालं. पोरीचं रडणं आपल्याच्यानं ऐकवणार नाही, या धास्तीनं त्यांनी मळणी लावली, आवाज होता तेवढा केला आणि गाडीपाशी आले. पोरगी गळ्यात पडली. त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली, बराच वेळ बोलली. साडू मान हलवून "बराबर, बराबर" म्हणत होते. मी हातभर अंतरावर उभा. पण त्या धडधडीत मला तिचे ओठ हललेले दिसले, तेवढंच.

गाडी वळली तशी त्यांनी मला बाजूला ओढलं.

"काय म्हणली हो ती?"

मलाही ऐकू आलं नाही, हे सांगताना मला त्यांच्याकडं बघवेना.

आता त्यांनी डीजे सोडलाय. पोरगी रोज सकाळी फोन करते, साडू उजव्या कानाला लावून बोलतात. एकदा विचारून टाका की, असं मी म्हणतो. तर म्हणतात, "इचारलं तर तिला कळंल, तवा बापानं काहीच ऐकलं न्हाई. मंग तिला काय वाटंल?" परवा न राहवून मीच तिला फोन लावला. "बोला काका," ती म्हणाली. मी तिच्या सासूबाईंची तब्येत विचारली आणि फोन ठेवून दिला.