चासीवरचा काळा रंग

मेडिकल तपासणीत बाबांची नजर कमी भरली आणि त्यांची जहाजावरची नोकरी सुटली. आयुष्यभर इंजिन रूममध्ये वावरलेला माणूस सिंगापूरमधल्या आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये नुसता बसून राहू लागला. जुना अमेरिकन पिकअप घेऊन तो नीट करायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा मी अडवलं नाही. ते पुन्हा रोज दाढी करायला लागले होते.

आम्ही दोन गाड्या पाहिल्या. रंग उडालेली लाल आणि चकचकीत निळी. बाबांनी निळीच्या चालू इंजिनला स्क्रूड्रायव्हर टेकवला, मुठीला कान लावला. "ऐक. किती शांत आहे."

मी बुटाची लेस बांधायला वाकले होते. खाली चासीवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ताजा काळा रंग होता, जाड, फुगे आलेला, नटबोल्टांवरसुद्धा, गंज झाकायला फासावा तसा. विकणारा शेजारीच उभा होता. त्याच्यासमोर मला बोलवेना. गंज काढणं, रंग देणं हे जहाजावर डेकवाल्यांचं काम. "आपण आवाजाची माणसं," असं बाबा नेहमी म्हणायचे. तरी त्यांनी बघितलं असेलच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

निळी घेतली. पाच महिने दर शनिवारी आम्ही वर्कशॉपमध्ये गेलो. इंजिन उघडलं, सुटे भाग अंड्यांच्या ट्रेमध्ये चिठ्ठ्या लावून ठेवले, पुन्हा जोडलं. ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं. पुढच्या शुक्रवारी तपासणी होती. त्याच दिवशी गाडीचा परवाना संपत होता. नापास झाली की गाडी थेट भंगारात.

काल जॅक लावला आणि तो चासीतच घुसला. वर्कशॉपच्या अंकलनी बोटानं गंजाचा ढलपा काढला. "कॅनॉट पास लाह."

"वेल्डिंग करू," बाबा म्हणाले.

"वेल्ड टू व्हॉट?" म्हणत अंकल आत गेले.

"बाबा, मला दिसलं होतं," मी म्हटलं. "घ्यायच्या दिवशीच. रंगाखाली फुगे होते."

ते रागावले नाहीत. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले.

"मीही वाकून बघितलं होतं गं," ते म्हणाले. "टॉर्च लावून. मला सगळं गुळगुळीतच दिसलं."

मग त्यांनी टॉर्च आणि खडू माझ्या हातात दिला. "चांगलं लोखंड जिथे असेल तिथे खूण कर."

मी गाडीखाली सरकले. या टोकापासून त्या टोकापर्यंत टॉर्च फिरवला. बाहेर त्यांचे बूट दिसत होते, अगदी स्थिर.

"सापडलं का?"

"बघतेय, बाबा," मी म्हटलं. खडू तसाच हातात होता.