पायरीखालचं नाव

लोअर हॅलम गावात कुणाची पणजी कुठल्या घरातून आली हे विचारायचं असलं, तर लोक पाद्रीबाबांकडे जात नसत, केझिया पर्डीकडे जात. तीस वर्षं तिनं गावचं टेलिफोन एक्स्चेंज चालवलं होतं, त्यामुळे जिवंत माणसांची खबर तिच्याकडे आपसूक येई. मेलेल्यांची तिनं दफनभूमीतून हिंडून मिळवली. लग्न केलं नाही. कुणी आगाऊपणे कारण विचारलंच तर म्हणायची, "सात पिढ्यांचं करता करता आठवीला वेळ झाला नाही."

सात पिढ्या म्हणजे गिडियन पर्डीपासूनच्या. अमेरिकेत बंड झालं तेव्हा हा गिडियन राजाच्या बाजूनं राहिला आणि हरला. १७८३ साली बायको, चार मुलं आणि भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन तो जहाजानं न्यू ब्रन्सविकला आला. सेंट जॉन नदीच्या काठी पहिला हिवाळा त्यानं तंबूत काढला. त्यात दोन मुलं गेली, घड्याळ टिकलं. अशा राजनिष्ठांच्या वंशजांची एक सभा होती आणि ती रक्ताचा पुरावा तपासून दाखला देई. दिवाणखान्यात ज्याच्या त्याच्या तो टांगलेला असे. हरलेल्या माणसांच्या नातवंडांना मिरवायला काहीतरी लागतंच.

पुरावे गोळा करायचं काम केझियाचं. जुन्या दगडांवरची अक्षरं झिजून सपाट झाली, की ती घरचा आरसा पाठीला बांधून दफनभूमीत जायची. आरशानं ऊन तिरकं पाडलं की मेलेली अक्षरं सावली धरून उठायची. आणि तिचा एक नियम होता. त्या काळी मूल दगावलं, की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत होती. त्यामुळे एकाच घरात दोन जोसाया, दोन थँकफुल सापडत, आणि हौशी माणसं पाळण्यात मेलेल्या पोराला सहा मुलांचा बाप करून मोकळी होत. "नाव सापडलं म्हणून नाचू नका," केझिया सांगायची. "आधी पहिल्याचा दगड शोधा."

ती कडक होती, आणि कधी कधी नको तितकी कडक होती. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या व्हेस्टा क्रँडलचा अर्ज तिच्याकडे आला. व्हेस्टाच्या आजोबांना क्रँडल मंडळींनी कुठूनतरी आणून वाढवलं होतं. केझियानं अर्जाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं, 'रक्ताचा पुरावा नाही,' आणि परत पाठवला. व्हेस्टा तणतणत दारात आली.

"बासष्ट वर्षं मी त्या घराचं नाव लावतेय, आणि तू मला परकी ठरवतेस?"

"मी नाही ठरवत गं. कागद ठरवतात."

"केझिया, मेलेल्यांच्या चौकश्या करता करता जिवंत माणसांची हाडं मोजायला लागलीस तू. एक दिवस तुझीही कुणीतरी मोजेल."

केझिया यावर हसली होती. तिची हाडं कुणी मोजायची? यंदाच्या डिसेंबरात सभा तिला जिल्ह्याची अध्यक्ष करणार होती. गिडियनपासून स्वतःपर्यंतच्या सात पिढ्या तिनं सगळ्यांसमोर वाचायच्या होत्या आणि स्वतःचा दाखला घ्यायचा होता. चर्चची नोंदवही जळाली होती खरी, पण घरच्या बायबलमध्ये बापाच्या हातचं लिहिलेलं होतं: केझिया, जन्म ४ मार्च १९११. तेवढं पुरेसं होतं.

हे १९६७ सालचं. नदीवर खाली धरण होत होतं आणि वसंतात पाणी वर चढणार होतं. खोऱ्यातली घरं एकेक करून रिकामी केली जात आणि जाळली जात. सकाळी उठावं तर काल जिथं हॅनसनचं घर होतं तिथं नुसतं धुराडं उभं. काठावरची एल्मची झाडं पाडली होती. माणसं वर टेकडीवर गेली, मांजरं मात्र जुन्या जागी परत येत आणि राखेत बसून राहत. कुत्री भुंकेनाशी झाली होती, भुंकायला कुणी उरलंच नव्हतं. केझियाचा थोरला भाऊ ऑल्डन उन्हाळ्यातच वर नव्या घरात गेला. केझिया मात्र महिनाअखेरीपर्यंत जुन्या घरात राहणार होती. वस्त्या उठण्याआधी सगळ्या दफनभूमींच्या याद्या तिला पुऱ्या करायच्या होत्या.

घरात ती आता एकटी होती. एकटं माणूस घर नव्यानं बघतं. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या. बाप दर वाढदिवसाला चाकूनं चरा पाडून पुढे नाव लिहायचा. 'केझिया, २ वर्षं.' आणि 'केझिया, ३ वर्षं' ही खूण तिच्या अंगठाभर खाली. "आमची केझी दोनाची तीन झाली तेव्हा आखूड झाली," अशी थट्टा ऑल्डन जन्मभर करायचा, आणि ती करताना तिच्याकडे बघायचा नाही. आई म्हणायची, घर खचलं असेल. घर खचलं तर दोन्ही खुणा खचतील, हे केझियाला वयाच्या दहाव्या वर्षीच कळलं होतं. पण आईला उलट विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

आईच्या आणखीही काही गोष्टी होत्या. संध्याकाळी ती मागच्या दारात उभी राहून शेतापलीकडे घरच्या दफनभूमीच्या दिशेनं हाक मारायची, "केझिया! अगं, घरी ये!" तेव्हा केझिया तिच्या पाठीशीच, चुलीजवळ उभी असायची. "मी इथं आहे, आई." आई वळायची आणि क्षणभर तिच्याकडे अशी बघायची, जशी दार ठोठावून आत आलेल्या पाहुणीकडे बघतात. मग म्हणायची, "हो, आहेस खरी." दर चार मार्चला गुळाच्या पाकाचा केक व्हायचा आणि पहिला तुकडा मागच्या खिडकीत ठेवला जायचा. पाखरांसाठी, असं आई सांगे. मार्चमध्ये तिथं गुडघाभर बर्फ असतं आणि पाखरू नावाला नसतं. केझियानं लोकांच्या घरातलं सगळं विचारलं, आपल्या घरातलं यातलं काहीच कधी विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच असतो.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी धरणाच्या कचेरीतले विल्मट नावाचे गृहस्थ माणसं घेऊन पर्डींच्या दफनभूमीत आले. कबरी वरच्या नव्या जागेत हलवायच्या होत्या. केझियाची यादी तयार होती: एकवीस कबरी, एकवीस दगड.

विल्मटनी लोखंडी गज जमिनीत खुपसत खुपसत सगळा तुकडा तपासला आणि फाटकाजवळ थांबले.

"मिस पर्डी, बावीस आहेत."

"एकवीस. मी चाळीस वर्षं मोजतेय."

"इथं एक आहे. लहान आहे, चार वीत."

"दगड कुठाय मग त्या पोरीचा?" केझिया म्हणाली, आणि लहान मुलगी आहे हे आपण कशावरून ठरवलं, ते तिचं तिलाच कळेना.

दगड नव्हता. फाटकाची पायरी तेवढी होती, एक पातळ पाटीचा चौकोनी दगड. आत जाताना पहिलं पाऊल पडायचं ते त्यावर. माणसांनी तो पहारीनं उचलून उलटा केला. खालच्या बाजूला माती बसली होती आणि मातीखाली ओरखडे होते. कारागिराचं काम नव्हतं ते. कुणीतरी खिळ्यानं कोरलं होतं.

"आरसा धरता का जरा?" पाठीवरचा आरसा सोडत केझिया म्हणाली.

विल्मटनी आरसा धरला, केझियानं मातीत गुडघे टेकले. आधी आरशात तिचाच चेहरा दिसला. मग विल्मटचा हात हलला, ऊन दगडावरून तिरकं गेलं आणि अक्षरं उठली.

केझिया पर्डी. ४ मार्च १९११. ९ ऑक्टोबर १९१३.

चाळीस वर्षं ती या दगडावर पाय ठेवून आत येत होती, वही काढत होती आणि बाकीच्या एकवीस जणांची चौकशी करत होती.

"घरातलंच कुणी?" विल्मटनी हळूच विचारलं.

"हो," केझिया म्हणाली. आवाज तिचाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला.

"मग जवळच्या नातलगाची सही लागेल. उद्या दुपारपर्यंत. सही नाही आली तर ही आम्ही आहे तिथंच ठेवतो, वसंतात पाणी येईल." त्यांनी गजाची माती पुसली. "यादीत ती नव्हतीच म्हणा."

म्हणजे काही करायचीही गरज नव्हती. गप्प बसलं की पुरे होतं. सहा महिन्यांत वर तीस हात पाणी, आणि डिसेंबरात हातात दाखला.

ती पायीच टेकडी चढून ऑल्डनकडे गेली. नव्या घरात रंगाचा वास येत होता. ऑल्डन उद्याच्या शनिवारसाठी घेवडा भिजत घालत होता. तिचं तोंड बघूनच त्यानं भांडं खाली ठेवलं.

"पायरी उचलली का त्यांनी?"

"तुला ठाऊक होतं."

"नऊ वर्षांचा होतो मी. बस आधी." त्यानं चहा ओतला आणि प्यायला विसरला. "घटसर्प झाला तिला. तीन दिवसांत गेली. आई पुरायला आलीच नाही. म्हणाली, कोण गेलंय? बाबांनी दगड कोरला, तो बघून ती अशी किंचाळली, केझी, की घोडी दावं तोडून पळाली. मग बाबांनी दगड पालथा घातला. जानेवारीत बर्फावरची गाडी जोडून ते सेंट जॉनला गेले, बंदराजवळच्या अनाथालयात. चौथ्या दिवशी आले आणि दारातूनच म्हणाले, केझिया सापडली."

केझियानं त्याचा कप त्याच्याकडे सरकवला.

"आईनं तुला तिचा झगा घातला. लांब झाला. तर म्हणाली, आजारपणात वाळली पोर माझी. मार्चमध्ये चौकटीशी उभी केली तुला. बाबांनी चरा पाडला, अंगठाभर खाली."

"आणि गाव? गावाला कळलं नाही?"

"त्या हिवाळ्यात निम्मी घरं घटसर्पानं बंद होती. कोण कुणाच्या दारात जातंय? ज्यांना कळलं ते गप्प राहिले. आता ते सगळे तुझ्याच वहीत आहेत."

"माझं नाव काय होतं, ऑल्डन?"

ऑल्डननं मान खाली घातली. "कुणी विचारलंच नाही गं. कोटाच्या आतून नंबर शिवला होता, एकोणीस. महिनाभर तू बोलली नाहीस. मग मी एकदा अंगणातून हाक मारली, केझिया, आणि तू ओ दिलीस. त्या दिवशी आई पहिल्यांदा हसली." त्यानं डोळे पुसले. "मी सही करत नाही. बाबांनी शपथ घातलीय. आणि केली तर लोक विचारतील. तूच ठरव काय ते."

केझिया उतरून घरी आली तेव्हा ऊन कलत होतं. ती चौकटीपाशी जाऊन बसली आणि दोन खुणांवर दोन बोटं ठेवली. वरची एकीची, खालची दुसरीची. मधे अंगठाभर कोरं लाकूड. मागच्या दारातून शेत दिसत होतं, फाटक दिसत होतं, उचललेल्या पायरीची काळी जागा दिसत होती. आईची हाक तिला इतकी स्वच्छ आठवली की तिनं तोंडातल्या तोंडात ओ दिली. मग तिला कळलं, ती हाक आपल्यासाठी कधीच नव्हती, आणि आयुष्यभर ओ मात्र आपण देत आलो. तिला रडू फुटलं. लोकांची रडणी तिनं खूप ऐकली होती, तारेवरून. स्वतःचं ऐकायची तिला सवय नव्हती.

रडून झाल्यावर तिनं दिवा लावला आणि स्वतःच्या अर्जाची फाईल काढली. सहा पिढ्या पुराव्यानिशी जुळलेल्या होत्या. सातवीच्या कडेला तिनं त्याच बारीक अक्षरात लिहिलं, 'रक्ताचा पुरावा नाही.' फाईल पाकिटात घातली. दुसऱ्या पाकिटात व्हेस्टासाठी चिठ्ठी लिहिली, एकाच ओळीची: 'हाडं मोजून झाली, चहाला येशील का?'

दुसऱ्या दिवशी ती अकरालाच फाटकाशी हजर होती. विल्मटनी फळीवर लावलेला फॉर्म पुढे केला. तिनं उभ्याउभ्याच तो भरला. दगड सुलटा, अक्षरं वर ठेवून बसवायचा, असंही खाली लिहिलं.

विल्मटनी वाचला आणि चष्मा वर सरकवला. "मिस पर्डी, गडबड झालीय थोडी. मृताच्या रकान्यात तुम्ही स्वतःचंच नाव घातलंत. केझिया पर्डी. खाली सहीसुद्धा केझिया पर्डी."

"गडबड नाही. पुढचा रकाना वाचा."

पुढचा रकाना होता, सही करणाऱ्याचं मृताशी नातं. त्यात तिनं लिहिलं होतं, 'धाकटी बहीण.'