चौथ्या गोलानंतर

चौथा गोल झाला की आमचे ड्रिल मास्तर मैदानाच्या कडेला उकिडवे बसत. जवळ ठेवलेला कल्हईचा लोटा कलंडवून आधी डाव्या हातावर पाणी घेत, मग उजव्या. खांद्यावरच्या रुमालाने बोटं एकेक करून पुसत, आणि उठून आपल्या मुलांना ओरडून सांगत, "बस. हात धुवा."

जेवण झालं, आता ताटावरून उठा, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर आमच्या शाळेच्या मुलांनी गोल करायचा नाही.

ईरा, मागच्या रविवारी तू फोनवर रडलीस. शाळेच्या सामन्यात तीन गोल केलेस आणि तुमच्या प्रशिक्षक बाईंनी तुला बाहेर बसवलं, कारण समोरची शाळा फार मागे पडली होती. "आजी, हे बरोबर आहे का?" असं तू विचारलंस, आणि मी विचार करून सांगते म्हणाले. विचार केला. उत्तर सापडलं नाही. मास्तर तेवढे आठवत राहिले. निनाद, बहिणीला लिहिलेलं हे पत्र तूही वाच. तुला फुटबॉल आवडत नाही, पण माणसं बघायला आवडतात.

तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं. शाळेत सगळं उर्दूतून शिकवत. माझे वडील तिथे इंग्रजीचे शिक्षक होते. ड्रिल मास्तर त्यांचे सहकारी. उंच, काटक माणूस. तुर्की टोपी, गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेली शिट्टी. मुलांना कवायत आणि फुटबॉल शिकवायचे, तेही जुन्या छावणीच्या मैदानावर, जिथे गवतापेक्षा खडे जास्त होते. माझा मोठा भाऊ, दादा, त्यांच्या संघात पुढे खेळायचा. त्याच्यासारखा खेळाडू जालन्यात दुसरा नव्हता. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, मास्तर स्वतः म्हणत, "हा पोरगा एकटा तीन जणांचा आहे." आणि ते कौतुक करण्यात फार कंजूष होते.

खाण्यातही तसेच. दिवाळीत ते आमच्या ओसरीवर फराळाला येत. आई त्यांच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या चिनी मातीच्या बशीत भरभरून वाढायची. ते एक लाडू, चार शंकरपाळे खात आणि बशीवर हात आडवा धरत.

"अहो, घ्या की अजून. सणाचा दिवस आहे."

"भूक थोडी बाकी ठेवूनच उठावं, वहिनी. पुढच्या साली पुन्हा बोलवाल."

ते गेल्यावर आई म्हणायची, "ह्या माणसाला वाढण्यात काही मजा नाही."

त्यांचा दुसरा एक नियम होता. सामना संपला की जिंकलेल्यांनी मैदानाशेजारच्या आडातून पाणी ओढायचं आणि हरलेल्यांना आधी पाजायचं. आमची मुलं बहुतेक वेळा जिंकत, त्यामुळे दादाच्या तळहातांवर दोराचे वळ कायमचे असत. संध्याकाळी तो घरात शिरला की आई आधी त्याचे हात बघायची. "जिंकलात वाटतं," म्हणायची आणि खोबरेल तेलाची बाटली पुढे करायची.

मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. वडिलांबरोबर मैदानावर जायला मला अजून मनाई झाली नव्हती. मला सगळं नियमाप्रमाणे लागायचं, आणि चौथ्या गोलानंतर थांबायचं असं कुठल्याच नियमात नव्हतं. एकदा मी मास्तरांना तसं विचारलं.

"मास्तरसाब, अजून गोल होऊ शकत असताना थांबायचं कशाला?"

ते शिट्टीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "बेटी, ही भोकरदनकडची पोरं गाडीत बसून एवढ्या दूर येतात. पुढच्या साली आली न्हाई तर कुणासंग खेळशील?"

"दुसऱ्या शाळेशी."

"मंग ती पण न्हाई आली तर?"

मला राग आला आणि मी वडिलांच्या खुर्चीकडे चालू लागले.

आता त्या सामन्याकडे येते. दादाचं ते मॅट्रिकचं वर्ष. तीन शाळांमध्ये सामने होऊन पहिला येणारा संघ औरंगाबादला जायचा होता. तिथे हैदराबादहून साहेब येणार होते. ज्या मुलाचा खेळ त्यांना आवडेल त्याला हैदराबादच्या कॉलेजात वजीफा, म्हणजे तुमची ती स्कॉलरशिप, आणि वसतिगृहात राहायला जागा. वडिलांच्या पगारात हैदराबाद बसत नव्हतं. म्हणून घरात सगळं ठरल्यासारखं होतं: दादा औरंगाबादला खेळणार, साहेब बघणार, दादा कॉलेजात जाणार. आईने पेटीसुद्धा घासून ठेवली होती.

एका शाळेशी आमची गोलशून्य बरोबरी झाली होती. त्याच शाळेने भोकरदनकडच्या मुलांवर सात गोल चढवले होते. नियम असा होता की बाकी सगळं सारखं झालं तर ज्याचे गोल जास्त तो पुढे जाणार. म्हणजे आम्हाला त्याच मुलांवर आठ गोल हवे होते. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. सामन्याच्या आधी हेडमास्तरांनी मास्तरांना खुर्चीजवळ बोलावून सांगितलं, "मास्तर, आज ते हात धुणं राहू द्या."

"जी साब," मास्तर म्हणाले. ते सगळ्यालाच "जी साब" म्हणत.

मध्यंतराच्या आधीच चार गोल झाले. त्यांतले तीन दादाचे. चौथ्या गोलाला टाळ्या पडत असताना मी लोट्याकडे बघितलं. मास्तर उकिडवे बसले होते. हातावर पाणी पडत होतं.

मध्यंतरात दादा धावत त्यांच्याकडे गेला. वडील आणि मी जवळच होतो.

"मास्तरसाब, आठ पाहिजेत आज."

"पोट चारात भरलं आपलं."

"नियम आहे. आठ झाले तरच औरंगाबाद."

"मालूम आहे."

"मंग?"

"मंग काय? पाणी पी, बस जरा."

वडील पुढे झाले. "मास्तर, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"रावसाब, त्या अकरा पोरांना पण बाप आहेत. तिथं झाडाखाली बसलेत, बघा."

खरंच चारदोन पटकेवाले बसले होते, गाड्यांच्या सावलीत. वडील परत येऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. ते रागावले की चष्मा पुसत.

उत्तरार्धात आमची मुलं सांगितल्याप्रमाणे चेंडू आपसांत फिरवू लागली. ह्याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून परत ह्याच्याकडे. भोकरदनकडची मुलं मधे धावत होती आणि चेंडू काही त्यांच्या पायाला लागत नव्हता. बघणारे हसायला लागले. कुणीतरी "आंधळी कोशिंबीर" असं ओरडलं, तसं हसू आणखी वाढलं. मलाही हसू आलं. मग झाडाखालच्या माणसांकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं.

त्यांचा कप्तान दांडगा, मिसरूड फुटलेला मुलगा होता. बाजूला आलेला चेंडू त्याने पायाखाली दाबून धरला आणि खेळ तसाच सोडून तो मास्तरांच्या समोर आला.

"मास्तर, आमी काय लहान लेकरं हाव का?"

"काय झालं, बेटा?"

"मारायचे तर गोल मारा. दहा मारा. पर हे खेळवून राह्यले ते बंद करा. आमच्या गावची मानसं बघून राह्यली."

इतक्या वर्षांत कुणी मास्तरांना हे सांगितलं नसावं. आपण समोरच्याची लाज राखतो, अशीच त्यांची समजूत होती. लोटा त्यांच्या हातात तिरपा झाला आणि पाणी बुटावर सांडत राहिलं.

"बराबर आहे तुझं," ते शेवटी म्हणाले. "माझी गलती झाली."

दादाचा चेहरा मला अजून दिसतो. तो जागच्या जागी उड्या मारू लागला होता. आता खेळायचं, आणि अजून चार तर हवेत.

मास्तर त्या कप्तानाला म्हणाले, "पुरा जोर लावून खेळतील आता. पण हा एक पोरगा मी बाहेर घेतो. आम्ही दहा, तुम्ही अकरा. चालंल?"

त्या मुलाने दादाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चालंल," म्हणाला.

दोघांचं ठरलं. दादाला कुणी विचारलं नाही.

ईरा, मी इथेच अडकते. मुलांना खेळवणं चूक होतं, हे मास्तरांनी भर मैदानात, एका खेड्यातल्या मुलापुढे कबूल केलं. असं करणारे शिक्षक मी नंतर फार पाहिले नाहीत. आणि त्याच तोंडाने त्यांनी माझ्या भावाला बाहेर काढलं.

त्या काळी बदली खेळाडू नसे. बाहेर गेलेला बाहेरच. दादा लोट्याशेजारी जमिनीवर बसला आणि त्याच्या नसण्याने खेळाला एकदम रंग चढला. दहा मुलांनी आणखी दोन गोल केले. मग भोकरदनकडच्या एका किडकिडीत पोराने एक केला. त्या मैदानावरचा त्यांचा पहिलाच गोल. झाडाखालचे पटके हवेत उडाले. सहा विरुद्ध एक असे हरून ती मुलं गाडीत बसली तेव्हा गाणी म्हणत होती. पाणी पाजायला आमच्या मुलांनी आड गाठला, पण दादा गेला नाही. त्याने हातही धुतले नाहीत.

घरी आई नेहमीसारखे त्याचे हात बघायला गेली. हातांवर वळ नव्हते.

"हरलात?"

"जिंकलो," दादा म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला.

वडील त्या रात्री एकच वाक्य बोलले. "पुण्य त्यांनी केलं आणि भरलं माझ्या लेकानं." ते वाक्य त्यांच्या तोंडून मी पुढे कितीदा तरी ऐकलं.

महिन्याभरात मास्तरांचा तबादला झाला, दूर रायचूरकडे. हेडमास्तरांनी लिहून पाठवलं होतं, असं म्हणत. जायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले. वडील बाहेर आले नाहीत. आईने त्यांच्या त्या वेगळ्या कपात चहा दिला. ते ओसरीवर बसून प्यायले आणि दारात उभ्या असलेल्या दादाला म्हणाले, "नाराज आहेस?"

"हो."

"बराबर आहे."

मी वाट पाहत होते. त्या अनोळखी मुलाला 'गलती झाली' हे जे दोन शब्द इतक्या सहज मिळाले होते, ते दादालाही मिळतील असं मला वाटत होतं. मास्तरांनी कप खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि ते गेले. एवढा शहाणा माणूस, आणि हे त्याला कसं सुचलं नाही, ह्याचं कोडं मला ह्या वयातही सुटत नाही. सुटत नाही म्हणून चीड येते.

दादा स्टेशनजवळच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या वजनाला लागला.

पुढच्या वर्षी नवे ड्रिल मास्तर आले. तरुण, हुशार. त्यांच्याकडे लोटा नव्हता. भोकरदनकडच्या मुलांवर आमच्या शाळेने अकरा गोल केले आणि हेडमास्तरांनी पेढे वाटले.

त्याच्या पुढच्या वर्षी सामन्याच्या दिवशी मी आणि दादा मैदानावर गेलो. कारखान्यातून तो रजा घेऊन आला होता. आमची मुलं रांगेत उभी होती. ऊन चढलं तरी भोकरदनच्या रस्त्यावर गाडी दिसेना. दुसऱ्या शाळेनेही न येण्याचं आधीच कळवलं होतं. शेवटी पंचाने घड्याळ बघितलं आणि सांगितलं, नियमाप्रमाणे तुम्ही जिंकलात. फक्त एक गोल करून दाखवा.

आमच्या कप्तानाने चेंडू मारला. तो रिकाम्या मैदानातून गडगडत गेला, रिकाम्या गोलमधून पलीकडे झाला आणि रस्त्यापर्यंत गेला. दोनचार टाळ्या पडल्या. मग सगळे तसेच उभे राहिले, कारण चेंडू परत द्यायला त्या बाजूला कुणी नव्हतं.

दादा माझ्याजवळून पुढे झाला आणि चपला काढून चेंडू आणायला गेला.